एकोणीस हजार कान

आंबेरखोलच्या डोंगराला एकोणीस हजार कान होते, आणि त्या कानांनी ऐकलेलं समजून घ्यायला माणूस एकच. शलाका वांढरे, वय बावन्न, माहेर-सासर दोन्ही विदर्भातलं, मुक्काम मात्र सिंधुदुर्गातल्या या डोंगराच्या खांद्यावर दोन खोल्यांच्या केंद्रात. सरकारी कागदात योजनेचं नाव अडीच ओळींचं होतं. गावाने पहिल्याच आठवड्यात त्याचं 'डोंगराचे कान' करून टाकलं आणि शलाकाला 'कानवाली बाई'.

काम तसं सोपं होतं, निदान सांगायला. डोंगराच्या अंगाखांद्यावरून हातभर खोल अशी एकोणीस किलोमीटर काचेची तार पुरलेली होती, करंगळीहून बारीक. केंद्रातला पेटारा त्या तारेत सेकंदाला हजार वेळा प्रकाश सोडायचा. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात बारीक खोट असतेच. त्या खोटीवर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. जमीन केसाच्या हजाराव्या भागाइतकी जरी ताणली गेली, तरी तिथून परतणारा प्रकाश बदलतो, आणि तो किती वेळाने परतला यावरून नेमकी जागा कळते. म्हणजे तारेचा प्रत्येक मीटर हा एक कान.

डोंगर काही एकाएकी कोसळत नाही. आधी आतल्या आत माती सरकते, मुळं तुटतात, भेगा उकलतात, आणि त्या प्रत्येकाचा बारीकसा आवाज होतो. यंत्र तो माणसाच्या कानाला पेलेल असा करून द्यायचं. हेडफोन लावला की विस्तवावर पापड टाकल्यासारखी तडतड ऐकू यायची. एरवी फार वेळाने एखादा तडका. धोका जवळ आला की दोन तडक्यांमधली उसंत कमी होत जाते, आणि ती एका नियमाने कमी होते. कागदावर ठिपके मांडत गेलं की उतरती रेघ मिळते. ती रेघ जिथे शून्याला टेकते, ती डोंगराची वेळ.

संध्याकाळी चहाचा कप घेऊन शलाका हेडफोन लावून बसायची. तशी गरज नव्हती, मोजायला यंत्र होतंच. पण दिवसभर एक शब्दही न बोललेल्या माणसाला कोणाचा तरी आवाज लागतो. नागपुरातून नवऱ्याचा फोन पहिल्या वर्षी रोज यायचा, दुसऱ्या वर्षी रविवारी, आणि पुढे भांडणतंटा काही न होता सणासुदीला. डोंगर शांत असला की त्याच्या आत एक संथ घरघर चाले. तिला ती सोबत वाटे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगायला कोणी नव्हतंही.

गाव तिच्याशी बोलत नव्हतं याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे तिचीच चूक.

ती आली त्या पहिल्याच श्रावणात सातेरीच्या देवळात सप्ताह बसला होता. आंबेरखोलचा सप्ताह म्हणजे सात दिवस, सात रात्री अखंड भजन. वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, पण जमिनीला टेकायची नाही. त्र्याऐंशी वर्षं टेकली नव्हती. पाचव्या दिवशी दुपारी यंत्राने धोक्याची खूण दिली. शलाकाने भोंगा वाजवला, तालुक्याहून गाड्या आल्या आणि पोलिसांनी देवळासकट सगळी तळीवाडी रिकामी केली. त्या धांदलीत आबा परबांना गळ्यातली वीणा खाली ठेवावी लागली. लोक दोन दिवस शाळेत बसले. डोंगरावरून दगडसुद्धा आला नाही.

नंतर तिला उलगडा झाला. शेदोनशे माणसं पखवाजाच्या तालावर फेर धरून नाचत होती, आणि त्यांच्या पावलांचा नाद जमिनीतून तारेत उतरला होता. यंत्राने आजवर दुसऱ्या मुलखातले डोंगर ऐकले होते, सप्ताह कधी ऐकला नव्हता. देवाच्या नादाला ते डोंगराचं मरण समजलं.

शलाकाने गावसभेत उभं राहून सांगितलं, "चूक झाली. माझी झाली. ती कशी झाली हे सापडलं आहे, पुन्हा होणार नाही." तिच्या शिक्षणाची रीतच तशी होती, चुकलं की कबूल करायचं, शोधायचं, दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं. गावाची रीत वेगळी. एकदा चुकलो म्हणून ज्याने स्वतः कबूल केलं, त्याचं पुन्हा कशाला ऐकायचं? देवीचा कौल म्हणजे पाषाणाला पाण्याने चिकटवलेल्या पाकळ्यांपैकी आधी उजवी पडते की डावी, त्यावरून मिळणारं उत्तर. तो कधी फसला तर देवी चुकली असं कोणी म्हणत नसे. आपलंच काहीतरी राहिलं असेल म्हणत. यंत्राच्या नशिबी एवढा मोठेपणा नव्हता.

त्याच सभेत कोणीतरी म्हणालं, "आमचो कौल कदी चुकाक नाय." आणि शलाकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती बोलून गेली, "पाणी सुकलं की पाकळी पडते. कुठे किती पाणी लावायचं ते गुरवाला बरोबर ठाऊक असतं."

सभेत बाबल गुरव मागे खांबाला टेकून बसला होता. तो उठून गेला. त्यानंतर तीन वर्षं तो वाटेत दिसला की मान खाली घालून जायचा, आणि त्याच्यामागे सगळं गाव.

*

चौथ्या श्रावणात, एका सोमवारी सकाळी आठ वाजता, दोन तडक्यांमधली उसंत आठ मिनिटांवर आली. नवाला ती सातवर होती. शलाकाने ठिपके मांडले, रेघ ओढली, पुसली, पुन्हा ओढली. रेघ दुपारी चारच्या आसपास टेकत होती. जागा होती तळीवाडीच्या थेट माथ्यावर.

तिने भोंगा वाजवला. सगळ्यांच्या फोनवर इशारा गेला. तालुक्याला कळवलं, पण ओढा रस्त्यावर चढला होता, तिकडून दुपारपर्यंत कोणी येणं शक्य नव्हतं. भोंगा अर्धा तास ओरडत राहिला आणि तळीवाडीतल्या अडतीस घरांच्या चुलींचा धूर जसाच्या तसा निघत राहिला. कोणीतरी गुराला हाक मारत होतं. दुधाने तोंड पोळलेले लोक ताक फुंकून पितात म्हणतात. इथे तर त्यांनी पेलाच पालथा घातला होता.

ती धावत खाली उतरली. गावात तिच्याशी धड बोलणारी एकच बाई होती, सुगंधा. ती रोज केंद्रावर दूध टाकायची. सुगंधा मागच्या दारी खुराड्याशी होती.

"सुगंधा, माणसं घेऊन शाळेत जा. आत्ता."

सुगंधाने पदराला हात पुसले. "ताई, तुमी खोटा बोलूचास नाय, ह्यां माका ठावक आसा. पण मी एकटी भांडी-कुंडी घेवन शाळेत जावन बसलंय, तर वाडी हसतली. मागच्या खेपेक सप्ताह मोडलो, तर माझी सासू म्हयनोभर धड जेवली नाय." ती खाली बघत म्हणाली, "सगळे हलले तर मी पयली हलतलंय."

वाटेत आबा परब भेटले. ते गावचे मानकरी. त्यांचा शब्द म्हणजे गावाचा शब्द. छत्री तिरकी धरून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी रेघ आणि ठिपक्यांसकट, आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुमचा काम तुमी केलास. पण देवीक इचारल्याशिवाय वाडी हलूची नाय. अकरा वाजता कौल लावतो. काय व्हया तां ती सांगात."

शलाका देवळाकडे वळली. चार वर्षांत ती त्या पायऱ्या चढली नव्हती.

सातेरी म्हणजे मातीचीच देवी. गाभाऱ्यात मूर्ती नाही, पुरुषभर उंचीचं वारूळ आहे, आणि त्याला टेकून एक काळा पाषाण. बाबल तो पाषाण ओल्या फडक्याने पुसत होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, वाळक्या शेंगेसारखा. तिला पाहून तो उठला नाही, बस म्हणालाही नाही.

"काका, चार वाजता डोंगर खाली येतोय. तासभर इकडेतिकडे."

"भोंगो आयकलंय."

"लोक हलत नाहीत. तुम्ही कौल लावणार आहात ना?"

"लावतलंय."

"तो उजवा पडला पाहिजे."

बाबलचा हात थांबला. "कौल सांगान मिळणा नाय, बाये."

"उजव्या पाकळीला पाणी कमी लावलं, तर..." तीन वर्षांपूर्वी भर सभेत ज्या गोष्टीसाठी तिने या माणसाला तोंडघशी पाडलं होतं, तीच करायची विनंती घेऊन ती आली होती.

बाबल वळून बसला. "तू म्हटलंस, पाणी खय लावूचा तां गुरवाक ठावक असता. आसाच ठावक. चाळीस वर्सा ह्याच दगडार हात आसा माझो. कोरडी पाकळी पयली पडता, ह्यां ल्हान पोराक पण कळात. म्हणानच मी डोळे मिटून लावतंय. एकाच तांब्यातला पाणी, एकच हात, डोळे बंद. माझ्या बापाशीन माका पयला तांच शिकवल्यान. चाळीस वर्सात एकदाय उघडूक नाय."

शलाका खालच्या फरशीवरच बसली. प्रयोग करताना आपल्याच हाताने निकाल बिघडू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधायची, ही रीत ती विद्यापीठात शिकली होती. हा माणूस ती गाभाऱ्यात पाळत होता, आणि तिने त्याला लबाड म्हटलं होतं.

"तुझा यंत्र मागच्या खेपेक चुकला," बाबल म्हणाला. "आज चुकूचा नाय?"

हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी काम झालं असतं. "शंभरात सात वेळा चुकेल," ती म्हणाली.

बाबल हसला. त्याला हसताना ती पहिल्यांदा पाहत होती. "बघ. तुका साधा खोटा बोलूक येणा नाय, आणि माका देवीसमोर करूक सांगतस."

"चुकलं तर सगळं माझ्यावर घाला."

"कसा घालतलंय? कौल माझो असतलो." तो पुन्हा पाषाण पुसू लागला. "किती माणसां आसत तळीवाडीत?"

"एकशे बेचाळीस."

"एकशे त्रेचाळीस," बाबल म्हणाला. "म्हादूच्या सुनेक परवा चेडू झाला." आणि त्याने फडकं पिळून बाजूला ठेवलं.

*

अकरा वाजता देऊळ भरलं. शलाका बाहेर पन्हळीखाली उभी राहिली. आबा परबांनी पुढे होऊन गाऱ्हाणं घातलं, "माये सातेरी, म्हाराजा, बारा-पाचाच्या मानकऱ्यांनी तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घातलेला हा..."

"व्हय म्हाराजा," गाव एका आवाजात म्हणालं.

"तळीवाडीची लेकरा-बाळा तुझ्या पदराखाली आसत. वाडी सोडूची आसात तर उजवो दी, ऱ्हवाची आसात तर डावो दी..."

"व्हय म्हाराजा."

बाबलने तांब्यात बोटं बुडवली. सगळ्यांच्या नजरा पाकळ्यांवर होत्या, फक्त शलाकाची नजर त्याच्या चेहऱ्यावर होती. त्याचे डोळे टक्क उघडे होते.

शेवटचं 'व्हय म्हाराजा' पुरतं संपायच्या आत उजवी पाकळी पडली.

पुढे जे झालं ते शलाकाने पाहिलं नसतं तर तिला खरं वाटलं नसतं. भोंग्याने, फोनने, ठिपक्यांनी, रेघेने जे दोन तासांत झालं नाही, ते एका पाकळीने तीन मिनिटांत केलं. कोणी का म्हणून विचारलं नाही. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, गुरांची दावी सोडली, बाळंतिणीला खाटेसकट उचललं. एक वाजता तळीवाडीत चिटपाखरू उरलं नव्हतं.

मग वाट पाहणं आलं. तीन वाजले, चार वाजले. डोंगर तसाच. शाळेच्या व्हरांड्यात लोक डोंगराकडे बघत बसले होते आणि बाबल एका कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. सव्वाचारला कोणीतरी घड्याळात पाहिलं. शंभरातले ते सात शलाकाच्या छातीवर येऊन बसले.

चार सदतीसला डोंगराचा खांदा सुटला. आवाज आधी आला नाही. आधी झाडं चालू लागली, उभीच्या उभी, खाली. मग आवाज आला. तो थांबला तेव्हा अडतीसपैकी सव्वीस घरं मातीखाली होती. सुगंधाच्या कोंबड्या गेल्या. माणूस एकही नाही.

नंतर एक म्हातारी देवळाच्या दिशेला वळून जमिनीवर आडवी झाली, आणि तिच्यामागून एकेक करत सगळी शाळा. सुगंधा रडत रडत शलाकाजवळ आली, तिचे दोन्ही हात धरले. "बघलास मा ताई? देवीन राखल्यान." मग भिडेखातर म्हणाली, "तुमचो भोंगो पण वाजत होतो."

*

चौकशीचा नमुना आठवड्याने आला. सगळे प्रश्न नेहमीचे होते, एक सोडून: केंद्राच्या इशाऱ्यामुळे किती व्यक्तींनी स्थलांतर केलं?

शलाका त्या रकान्यापुढे दोन दिवस बसली. एकशे त्रेचाळीस लिहिलं असतं, तर पथक आलं असतं, गावाला विचारलं असतं, आणि गावाने एकमुखाने कौलाचं नाव घेतलं असतं. मग कौल आणि इशारा एकाच दिवशी कसे, हे खणून काढायला कितीसा वेळ लागतो? सगळं खरं लिहिलं असतं, तर बाबल उघडा पडला असता. ज्या गावाने त्याच्या हातावर चाळीस वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला, त्याच गावात. तिने लिहिलं: शून्य. शब्दाने पाहिलं तर ते खरंच होतं.

दीड महिन्याने हुकूम आला. तंत्र निर्दोष, भाकीत अचूक. परंतु लोकांचा प्रतिसाद शून्य असल्याने केंद्र बंद करून सामग्री अन्यत्र हलवावी. त्यात अन्याय काहीच नव्हता, हेच वाईट होतं. केंद्राच्या दोन खोल्या जत्रेचं सामान ठेवायला मिळाव्यात म्हणून देवस्थानाने अर्ज केला होता, तो मंजूर झाला. जिथे तार उघडी पडली होती तिथून पोरांनी हात-हात तुकडे तोडून नेले. नवरात्रात मांडवाचे वासे बांधायला ते चांगले उपयोगी पडले.

कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबल केंद्राची चढण चढून आला. दारातच बसला.

"कौल सोडलंय," तो म्हणाला. "पुतण्या लावतलो आता. गावाक वाटता, बाबल म्हातारो झालो."

"काका, कशासाठी?"

"पाकळी पडता. उजवी पडता, डावी पडता. आदी माका वाटायचा, थय कोण तरी आसा. त्या दिसापास्ना बघतंय, तर पाणी सुकता आणि पाकळी पडता. तू म्हटलंस तसाच."

तो हे रागाने म्हणाला नाही. रागाने म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. हे वाक्य कोणातरी गुरवाच्या तोंडून ऐकावं असं तिला आयुष्यभर वाटत आलं होतं, आणि आता ते परत घेता येत असेल तर तिने हवं ते दिलं असतं. तिला रडू आलं. तिने ते लपवलं नाही.

सांत्वनाचे शब्द तिच्याकडे नव्हते. जे होतं ते तिने दिलं. हेडफोन काढून त्याच्या कानांवर ठेवला.

बाबल दचकला. मग त्याने दोन्ही हातांनी तो घट्ट धरला. चहा गार झाला तरी तो हलला नाही.

"श्वास घेता," तो शेवटी म्हणाला.

"माती वाळताना आकसते, त्याचा आवाज आहे तो."

"व्हय. तां कळला माका." तो पुन्हा ऐकू लागला. मधेच एक तडका झाला आणि त्याची बोटं आपोआप कमरेच्या जपमाळेकडे गेली. "ह्यां आता कोण आयकतलो?"

"कोणी नाही. बारा दिवसांनी पेटारा नेणार."

"मी आयकतंय," बाबल म्हणाला.

अडगळीत पहिल्या वर्षीचा एक जुना पेटारा पडून होता. त्याची ताकद कमी होती, तरी तीनचार किलोमीटर तार त्याला नीट ऐकू यायची, आणि छपरावरच्या सौरपट्ट्यांवर तो चालायचा. परत पाठवायच्या सामानाच्या यादीत त्याच्यापुढे शलाकाने लिहिलं: नादुरुस्त, जागीच सोडला. सरकारी कागदावर लिहिलेलं तिचं हे पहिलं खोटं. सही करताना तिला बाबलचे उघडे डोळे आठवले.

बारा दिवस ती त्याला शिकवत होती. ठिपके आणि रेघ त्याला जमेनात. मग तिनेच युक्ती काढली. दोन तडक्यांमध्ये माळेचे मणी मोजायचे, जप करतो त्याच गतीने. एकशे आठ पुरे झाले तर चिंता नाही. पन्नासवर आलं तर तिला फोन करायचा. वीसच्या खाली आलं तर बोलत बसायचं नाही, माणसं हलवायची.

"पण लोकांना काय सांगाल?" तिने विचारलं. "पुन्हा कौल?"

"ना. माझ्या हातान आता कौल नाय. मी आयकलंय, तां सांगान. कोणाचा आयकलंय, तां त्येंका व्हया तसा समजू दे."

निघताना तिने किल्ली त्याच्या हातात ठेवली. चार वर्षं ती खरं ओरडून सांगत होती आणि कोणी मान वळवली नव्हती. आता तेच खरं, ज्याला रेघ काढता येत नाही असा म्हातारा सांगणार होता, आणि गाव ऐकणार होतं. तिला बरं वाटलं, आणि तितकंच वाईटही. बस घाट चढून जाईपर्यंत ती मागे वळून पाहत होती. डोंगर दिसत होता, त्यावरचा माणूस दिसत नव्हता.

*

नागपूरच्या कार्यालयात तिला खिडकीजवळची जागा मिळाली. घर होतं, नवराही होता, सभ्य आणि अनोळखी. रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. बाबल बोलायचा नाही, हेडफोन फोनला लावून धरायचा. मिनिटभर ती डोंगराची घरघर ऐकायची आणि म्हणायची, "निजलाय." पलीकडून उत्तर यायचं, "व्हय म्हाराजा," आणि फोन बंद.

दोन पावसाळे असेच गेले. तिसऱ्या पावसाळ्यात भाद्रपदातल्या एका सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बाये, अठरा मणी," बाबल म्हणाला, आणि फोन तुटला.

तिने उलट फोन केला नाही. तिनेच शिकवलं होतं, बोलत बसायचं नाही. ती कार्यालयात आली, खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. दुपारी जेवणाच्या खोलीत तिने डबा उघडला आणि फोन शेजारी ठेवला. समोर टेंभेकर बसला होता. तिच्याच विभागातला, हुशार, वयाने लहान. तो फोनवर काहीतरी वाचत होता आणि एकदम हसायला लागला.

"हे ऐका. 'कोकणात देवीचा साक्षात्कार. डोंगरावर एकांतात तप करणाऱ्या वृद्ध गुरवाला पहाटे सातेरीचा आवाज ऐकू आला. त्यांच्या शब्दावर वरची वाडी तासाभरात रिकामी. दरड कोसळली, पण सर्व ब्याण्णव जण सुखरूप.'" त्याने फोन टेबलावर टाकला. "हे तेच गाव ना मॅडम, आंबेरखोल? आपण तिथे कोट्यवधींची यंत्रणा लावली आणि यांना शेवटी देवीचाच आवाज ऐकू येतो. पालथ्या घड्यावर पाणी."

सगळे हसले. शलाकाने घास खाली ठेवला. ब्याण्णव, तिने मनात म्हटलं. सर्व ब्याण्णव.

"खरंच सांगा," टेंभेकर म्हणाला, "चार वर्षं राहिलात तुम्ही तिथे. एकालाही विज्ञान पटलं नाही?"

"पटलं की. एकाला."

"कोणाला?"

"त्या गुरवाला."

खोलीत जो हशा उठला तो बराच वेळ थांबेना. मॅडम एरवी कधी विनोद करत नाहीत, असंही कोणी म्हणालं. शलाकाने डबा संपवला, धुतला आणि ती आपल्या जागेवर आली. सहा वाजता तिने फोन समोर ठेवला आणि ती बसून राहिली. तो आज वाजणार नव्हता हे तिला माहीत होतं. बाबल शाळेत असणार, भोवती सगळं गाव त्याच्या पाया पडत असणार, आणि लोकांसमोर त्याला तिच्याशी बोलता येणार नव्हतं.